औंध संस्थान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या औंधबद्दल लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न यमाईच्या डोंगरावर विचारले जातात, काही सूर्यनमस्कारांच्या वर्गात, काही स्पर्धा परीक्षांच्या तयारीत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त सांगितलं आहे.

हे पुण्यातलं औंध का?

नाही. पुण्याचं औंध हे उपनगर. मराठवाड्यातलं औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचं गाव, तेही वेगळं. आपण बोलतोय ते औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. यमाईचं मूळपीठ तिथे आहे आणि १९४८ पर्यंत ते पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी होतं.

संस्थान केवढं होतं?

सुमारे ५०१ चौरस मैल आणि ७२ गावं. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८८ हजारांच्या आसपास भरली. आजचा एखादा तालुकासुद्धा याहून मोठा असतो. तोफांची सलामी मिळणाऱ्या संस्थानांच्या यादीत औंधचं नाव नव्हतं.

ही गावंही एका जागी नव्हती. औंध, कुंडल, आटपाडी आणि गुणदाळ असे चार तालुके होते. औंध आज साताऱ्यात आहे, कुंडल आणि आटपाडी सांगलीत, आणि गुणदाळ थेट कर्नाटकातल्या विजापूर भागात. एका तालुक्यातून दुसऱ्यात जायचं म्हणजे मध्ये इंग्रजांचा मुलूख किंवा दुसऱ्याचं संस्थान ओलांडायचं. जमिनीचीही तीच तऱ्हा. कुंडल कृष्णाकाठच्या सुपीक पट्ट्यात, तर आटपाडी माणदेशात, जिथे पाऊस येतो म्हणण्यापेक्षा चुकून फिरकतो म्हणावं.

मग नकाशा असा तुकड्यातुकड्यांचा का?

कारण हे राज्य एका तलवारीने एका दमात जिंकलेलं नव्हतं. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामगिरीबद्दल मिळालेली इनामं आणि सरंजाम यांतून ते जमत गेलं. पुढे त्यातलं बरंच हातचं गेलं, कऱ्हाडचा भाग तर गेलाच गेला. उरलं ते संस्थान. दख्खनेतल्या बहुतेक लहान संस्थानांचे नकाशे असेच आहेत.

‘प्रतिनिधी’ हे पद नेमकं काय होतं?

छत्रपतींचा प्रतिनिधी. राजाराम महाराज जिंजीत असताना हे पद निर्माण झालं आणि पहिला मान प्रल्हाद निराजींना मिळाला. मानाने ते पेशव्यांच्याही वरचं. औंधच्या घराण्याकडे ते आलं परशुराम त्रिंबक यांच्यामुळे. हे मूळचे किन्हईचे कुलकर्णी. औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसला होता त्या काळात पन्हाळा परत घेण्यात आणि विशाळगड लढवण्यात त्यांचं नाव पुढे आलं. कुलकर्ण्याची लेखणी सोडून हातात तलवार घेतलेल्या माणसांची त्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राला वाण नव्हती, पण इतक्या वर चढलेले थोडेच.

शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा परशुरामपंत ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. साताऱ्याचा किल्ला पडल्यावर शाहूंनी त्यांना कैदेत टाकलं आणि पुढे प्रतिनिधीपद त्यांनाच परत दिलं. त्यांचे चिरंजीव श्रीपतराव हे शाहूंच्या दरबारात बाजीराव पेशव्यांचे कायमचे विरोधक. बाजीरावांना उत्तरेत धडक मारायची होती, श्रीपतरावांचं म्हणणं आधी घर सावरा. बाजीराव जिंकले, म्हणून इतिहासात श्रीपतरावांकडे ‘अडवणारा’ एवढीच भूमिका आली. मला हा निकाल जरा घाईचा वाटतो.

ताई तेलीण खरी होती की दंतकथा?

खरी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे प्रतिनिधी परशुराम श्रीनिवास आणि दुसरे बाजीराव यांचं बिनसलं. १८०६ मध्ये पेशव्यांच्या बाजूने बापू गोखले चालून आले. लढाईत प्रतिनिधींचा हात गेला, म्हणून ते पुढे ‘थोटे पंत’ म्हणून ओळखले गेले. त्यांना कैद करून पुण्यात ठेवलं. त्यांची साथीदार ताई तेलीण मात्र शरण आली नाही. कोयनेच्या खोऱ्यातल्या वासोटा किल्ल्यावरून तिने बापू गोखल्यांशी कित्येक महिने झुंज दिली. शेवटी किल्ला पडला, पण लोकांनी लक्षात ठेवलं ते भलतंच:

‘तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा.’

पेशवाईतल्या एका नामांकित सेनापतीची अशी टर उडवणारी ही ओळ दोनशे वर्षांनीही वासोट्याच्या ट्रेकला जाणाऱ्या पोरांच्या तोंडी आहे.

इंग्रजांच्या काळात काय झालं?

पेशवाई बुडाल्यावर औंध हे साताऱ्याच्या छत्रपतींच्या जहागिरदारांपैकी एक म्हणून राहिलं. फलटण, भोर, जत, अक्कलकोट हेही त्याच रांगेत. सातारचं राज्य १८४९ च्या सुमारास खालसा झालं आणि हे जहागिरदार थेट इंग्रजांच्या छत्राखाली आले. त्यानंतरची साठ वर्षं औंधमध्ये विशेष काही घडलं असं नाही.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर कसे आले?

आधीच्या प्रतिनिधींना इंग्रजांनी पदावरून दूर केलं आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये बाळासाहेब गादीवर बसले. जन्म १८६८ चा, म्हणजे वय एक्केचाळीस. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. कोवळ्या वयात गादी मिळून बिघडण्याची संधी त्यांना मिळालीच नाही, हे औंधच्या रयतेचं नशीब.

राजा म्हणून जे चित्र डोळ्यांपुढे येतं त्यात ते बसत नाहीत. शिकारीचे फोटो, पोलोचे घोडे, विलायतेतल्या हॉटेलांची बिलं या वाटेला ते गेले नाहीत. ते स्वतः चित्रं काढत, चित्रमय रामायण त्यांनी रंगवून छापलं. ते कीर्तन करत. राजाच कीर्तनाला उभा राहतो म्हटल्यावर मागून बडबड करायची कुणाची छाती? आणि ते रोज पहाटे सूर्यनमस्कार घालत.

सूर्यनमस्कार औंधच्या राजानेच शोधले, असं म्हणतात. खरं का?

खरं नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. सूर्यनमस्कार महाराष्ट्रात आधीपासून होते. समर्थ संप्रदायाशी आणि तालमींशी लोक ते जोडतात. बाळासाहेबांनी सुरुवातीला सँडो या पाश्चात्य शरीरसौष्ठवपटूची पद्धत धरली होती, डंबेल्स आणून वर्षानुवर्षं व्यायाम केला. पुढे मिरजेच्या राजांच्या प्रेरणेने ते नमस्काराकडे वळले आणि मग सुटले नाहीत.

त्यांनी केलं ते असं की घरात, देवघराशेजारी चालणारी ही गोष्ट शाळेच्या मैदानावर आणली. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले, मुलींनाही. मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं निघाली. १९३० च्या दशकात लंडनच्या एका पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली आणि त्यातून दहा पायऱ्यांचा नमस्कार शिकवणारं इंग्रजी पुस्तक तयार झालं. आज जगभर योगवर्गांत जो क्रम घालतात त्याच्या प्रसारात या राजाचा वाटा मोठा आहे, असं आधुनिक योगाचे अभ्यासकही मानतात.

जुन्या पद्धतीत एक खुबी आहे जी आजच्या वर्गांत बहुतेक वेळा हरवते. साष्टांग स्थितीत कपाळ, छाती, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि पायांचे चवडे जमिनीला लागतात. पोट लागता कामा नये. दहा नमस्कार झाल्यावर ते आपोआप टेकायला लागतं, आणि शिकवणाऱ्याची नजर नेमकी तिथे असते. प्रत्येक नमस्काराला ‘ॐ ह्रां मित्राय नमः’ पासून एकेक मंत्र मोठ्याने म्हणायचा. बाळासाहेबांच्या मते उच्चार हाही व्यायामच होता, केवळ भक्ती नव्हे.

किर्लोस्करवाडी औंधमध्ये कशी आली?

हा किस्सा महाराष्ट्रातल्या उद्योगाच्या इतिहासात पहिल्या पानावर घालावा असा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात लोखंडी नांगर आणि कडबाकापणी यंत्रं बनवत होते. बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. त्याच सुमारास औंधला यमाईच्या देवळापुढच्या सभामंडपाचं काम त्यांच्याकडे होतं. अडचण बाळासाहेबांच्या कानावर गेली आणि त्यांनी सांगितलं, संस्थानात हवी ती जागा पाहा. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन मिळाली, वर दहा हजार रुपये कर्जाऊ. साल १९१०.

जागा म्हणजे निवडुंगाचं रान. प्यायला पाणी धड नाही, सापांची वस्ती. तिथे लक्ष्मणरावांनी कारखान्याबरोबर वसाहत उभी केली. पुढे त्या स्थानकाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. इंग्रज मुलखातली नगरपालिका ज्याला उठवते त्याला एक लहान संस्थानिक बोलावून घेतो, हे बारकाईने बघण्यासारखं आहे. मोठ्या संस्थानात हा अर्ज चार खात्यांतून फिरला असता. औंधमध्ये राजाला भेटून काम झालं.

आणि वाडीतून फक्त नांगर बाहेर पडले नाहीत. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, त्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. मराठी मध्यमवर्गाला बुद्धिवाद आणि स्त्रियांचे प्रश्न यांवर वाचायची सवय लावणारी ही मासिकं एका आडगावच्या कारखान्यात छापली जात होती.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी औंधचा काय संबंध?

थेट संबंध आहे. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर नुकतंच स्थापन झालं होतं. १९१८ मध्ये बाळासाहेबांनी तिथे महाभारताची सचित्र आणि पाठशुद्ध आवृत्ती काढण्याची कल्पना मांडली आणि त्यासाठी एक लाख रुपयांचं आश्वासन दिलं. त्या काळच्या एक लाखात काय काय झालं असतं याचा हिशोब करून पाहा, आणि देणाऱ्याच्या तिजोरीकडेही पाहा. १९१९ मध्ये काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. आरंभीच्या खंडांतली काही चित्रं खुद्द बाळासाहेबांच्या हातची आहेत. चित्रांबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात. माझं विचाराल तर लाख रुपये अधिक मोलाचे.

पंडित सातवळेकर औंधला कसे?

श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मुळात चित्रकार. वेदांचा ध्यास लागला, इंग्रज सरकारचा रोषही ओढवला. अखेर औंधने आसरा दिला आणि तिथे त्यांनी स्वाध्याय मंडळ उभं केलं. वेदांच्या संहिता, भाषांतरं, संस्कृत घरच्या घरी शिकवणारी पुस्तकं, सगळं औंधहून निघत होतं. राजाच्या आश्रयाला असूनही प्रजेच्या हक्कांच्या चळवळीत ते उतरले. १९४८ नंतर ते गुजरातेत पारडीला गेले.

‘औंधचा प्रयोग’ म्हणजे काय?

थोडक्यात: राजाने आपली सत्ता आपणहून प्रजेला दिली, आणि ती वरून खाली नव्हे, खालून वर रचली.

आता सविस्तर. १९३८ साल आठवा. संस्थानांत प्रजा परिषदांची आंदोलनं पेटलेली. राजकोटमध्ये ठाकूरसाहेबांनी दिलेला शब्द फिरवला आणि पुढच्या वर्षी गांधीजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हैसूर, त्रावणकोर, हैदराबाद, जिथे तिथे राजे पाय रोवून उभे होते. अशा वेळी सत्तरी गाठलेला औंधचा राजा जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा करतो. राज्यघटनेचा आराखडा घेऊन मंडळी सेवाग्रामला गांधीजींकडे जातात, आणि गांधीजी तो फिरवून टाकतात. मुंबई-दिल्लीसारखं विधिमंडळ वर बसवून उपयोग नाही, गावापासून सुरू करा, असा त्यांचा आग्रह.

जानेवारी १९३९ मध्ये घटना लागू झाली. रचना अशी: गावातले प्रौढ स्त्री-पुरुष पाच पंच निवडणार. पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुका समिती होणार. तालुका समित्यांतून संस्थानच्या विधिमंडळाचे सभासद जाणार. महसुलाचा मोठा वाटा गावांच्या हाती राहणार आणि शाळा, रस्ता, विहीर कुठे करायची हे पंचायत ठरवणार. लहानसहान तंटे गावातच सुटावेत म्हणून पंचांना न्यायाचे अधिकार. राजाच्या खाजगी खर्चाला मर्यादा, आणि राजा स्वतःला प्रजेचा सेवक म्हणवणार.

एक अट गांधीजींची, जी आज वाचताना खटकते: मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, या बाजूने त्यांचा कल होता. हेतू असा की मतासाठी तरी लोक अक्षरं शिकतील. साक्षरतेचे वर्गही निघाले. पण ज्या समाजात पाटी हातात धरू दिली जात नव्हती अशा जाती आणि सगळ्याच जातींतल्या बायका होत्या, तिथे ही अट कुणाच्या वाट्याला जड जाणार हे उघड होतं.

बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत नुकतेच ऑक्सफर्डला शिकून आणि बॅरिस्टर होऊन आले होते. प्रयोगाचा भार मुख्यतः त्यांच्यावर पडला. गांधीजींनी त्यांना बजावलं होतं की दहा वर्षं खेड्यातून हलायचं नाही. पुढे अप्पासाहेब भारताचे राजदूत म्हणून पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, इजिप्त, लंडन असे जगभर फिरले, पण त्यांचं खरं शिक्षण आटपाडीच्या धुळीत झालं असं म्हणायला हरकत नाही.

आणि तो पोलिश माणूस?

मॉरिस फ्रीडमन. वॉर्साचा ज्यू इंजिनीअर, बंगळूरच्या सरकारी वीज-उपकरणांच्या कारखान्यात मोठ्या पगारावर. रमण महर्षींच्या आश्रमात जाणं-येणं, गांधीजींच्या सहवासात ‘भारतानंद’ हे नाव, अंगावर भगवी वस्त्रं. अप्पासाहेबांशी मैत्री जुळली, नोकरी सोडली आणि औंधला आला. सत्ता सोडून देण्याची कल्पना राजाच्या मनात पक्की करण्यात त्याचा हात होता. सूत कातायची सुटसुटीत धनुष तकली बनवणाराही तोच. नंतर मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत आणून जगापुढे ठेवली, तीही यानेच. एका माणसाने किती आयुष्यं जगावीत!

स्वतंत्रपूर अजून आहे का?

आहे. आटपाडीजवळ आहे आणि आज राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. भिंती नसलेला तुरुंग, म्हणजे खुली वसाहत. ही कल्पना फ्रीडमनची, सुरुवात १९३९ ची. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांनी बायकामुलांसह तिथे राहायचं, शेती करायची, बाजाराला जायचं आणि संध्याकाळी आपल्या पायांनी परत यायचं. राखण म्हणावी तर त्यांच्या शब्दाची.

व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे हीच वसाहत आहे. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि त्यांना ती कुठून ऐकून घ्यावी लागली नाही. माडगुळं हे गाव आटपाडी तालुक्यातलंच.

माडगूळकर बंधू औंध संस्थानचे?

होय. गदिमांचं शिक्षण आटपाडी, कुंडल, औंध असं संस्थानातच फिरत झालं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला कोवळा मास्तर औंध संस्थानच्या शाळेवर नेमलेला आहे, आणि तालमीचं उद्घाटन करायला खुद्द राजेसाहेब वाडीत येतात. तो प्रसंग पुन्हा वाचून पाहा. धनगरांच्या एका वाडीत राजा येतो हे तिथल्या लोकांना अप्रूप आहे, अशक्य नाही. लहान राज्याचा स्वभाव इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा त्या पानांत जास्त कळतो.

प्रयोग यशस्वी झाला का?

नऊ वर्षांच्या प्रयोगाला ‘यशस्वी’ किंवा ‘फसला’ असा शिक्का मारणं अवघड आहे. पंचायती उभ्या राहिल्या, शाळा वाढल्या, गावच्या पैशाचा निर्णय गावात होऊ लागला. दुसरीकडे, ही लोकशाही लढून मिळालेली नव्हती, दिलेली होती. राजा चांगला होता म्हणून ती आली. गावातल्या जुन्या वजनदार घरांनी पंचायतीत जागा पटकावल्या नसतील असं समजणं भाबडेपणाचं आहे. तरी स्वतंत्र भारतात पंचायत राज्याची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी ७२ गावांत ते चालवून पाहिलं गेलं. माझ्या मते हे जमलं ते औंध लहान होतं म्हणूनच. ७२ गावांची नावं राजाला पाठ असू शकतात, सातशेची नाही.

प्रतिसरकारशी संबंध होता का?

बेचाळीसनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार साताऱ्यात उभं राहिलं, तेव्हा कुंडल हे त्याचं मोठं केंद्र होतं. जी. डी. बापू लाड कुंडलचेच. वर सांगितलेला तुकड्यातुकड्यांचा नकाशा इथे उपयोगी पडला. इंग्रज पोलीस मागे लागले की संस्थानच्या हद्दीत शिरायचं. हद्द ओलांडून पकडायचं तर पोलिसांना सोपस्कार आले. औंधच्या कारभाऱ्यांचा भूमिगतांवरचा लोभही लपून राहिलेला नव्हता.

संस्थान विलीन कधी झालं?

८ मार्च १९४८, तेव्हाच्या मुंबई प्रांतात. त्याआधी दख्खनेतल्या लहान संस्थानांचा एक संघ करण्याची खटपट झाली, औंध त्यात पुढे होतं, पण ती टिकली नाही. गांधीजींच्या खुनानंतर जी जाळपोळ झाली तिची झळ या भागालाही बसली, किर्लोस्करवाडीचा कारखानाही सुटला नाही. गांधीजींच्या सल्ल्याने घटना लिहिणाऱ्या संस्थानावर ही पाळी यावी, याला काय म्हणायचं? बाळासाहेब १९५१ मध्ये वारले.

आज औंधला गेलं तर काय पाहायचं?

आधी डोंगर. यमाईच्या मूळपीठाला पायऱ्यांनी जाता येतं, गाडीरस्ताही आहे. गावातल्या देवळापुढची दीपमाळ न्याहाळा, इतकी उंच दीपमाळ सहसा दिसत नाही. पौषात यात्रा भरते, तेव्हा गर्दी अफाट. शांतपणे पाहायचं असेल तर ते दिवस टाळा.

डोंगराच्या अंगावरच श्री भवानी संग्रहालय आहे. बाळासाहेबांनी ते १९३८ मध्ये उभारलं आणि आपला आयुष्यभराचा संग्रह लोकांसाठी ठेवला. रवि वर्मा आहेत, धुरंधर आहेत, पहाडी लघुचित्रं आहेत, युरोपियन चित्रांच्या नकला आहेत, हस्तिदंताचं आणि चंदनाचं काम आहे. आणि या सगळ्यांत हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं माता-बालकाचं दगडी शिल्प आहे. शाळेच्या सहली त्याच्यासमोरून सरळ पुढे जातात, कारण आई आणि मूल ओळखू यायला जरा थांबावं लागतं. तुम्ही थांबा. बाजूने पाहिलं की आईचा खांदा आणि मुलाचं डोकं एकाच गोलाईतून निघालेलं दिसतं.

संगीत महोत्सव कधी असतो?

दसरा-दिवाळीच्या दरम्यान. गायक-व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी यांचे वडील अंतूबुवा हे औंधचे दरबारी गवई. त्यांनी १९४० मध्ये आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ गाण्याची बैठक सुरू केली, तिचाच पुढे महोत्सव झाला. तिकीट नाही, मांडी घालून बसायचं, रात्र चढत जाते. नक्की तारीख त्या वर्षीची विचारून घ्या.

कसं जायचं, आणि एका दिवसात होतं का?

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे एसटी आणि खाजगी गाड्या आहेत, अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने यायचं तर रहिमतपूर स्थानक जवळचं. डोंगर, संग्रहालय आणि गाव एका दिवसात आरामात होतं. वाटेत किन्हईला वळलात तर प्रतिनिधींचा जुना वाडा आणि साखरगडावरची देवीही पाहून होते. आटपाडी आणि किर्लोस्करवाडी मात्र त्याच दिवशी जमवू नका. संस्थान लहान होतं, पण सांगितल्याप्रमाणे ते एका जागी नव्हतं.